सुभेदाराचं स्थळ

अन्नपूर्णा भागातल्या एका मराठी मंडळाच्या वधूवर कक्षात नानासाहेब टोकेकरांनी अडतीस वर्षं थापा मारण्यात घालवली, आणि त्याबद्दल मंडळाने त्यांना दोनदा शाल-श्रीफळही दिलं. अगदी धडधडीत थापा नव्हेत. मुलगी भांडखोर असली की नाना परिचयपत्रात ‘स्पष्टवक्ती’ लिहीत. मित्राच्या दुकानात दिवसभर गप्पा ठोकत बसणारा मुलगा ‘स्वतंत्र व्यवसायाच्या तयारीत’ असे. डोक्यावर केस नसले की ‘भारदस्त’. बरेचसे संसार टिकले. ते नानांच्या विशेषणांमुळे टिकले की माणसांच्या सोशिकपणामुळे, हे विचारायला नाना काही कुणाच्या घरी गेले नाहीत.

न टिकलेला एक संसार मात्र त्यांच्याच घरी परत आला होता. त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी पुण्यात दीड वर्ष नांदली आणि सहा वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन सुदामा नगरात हजर झाली. स्थळ नानांनीच आणलेलं. तेव्हापासून बापलेकी भाजीवर बोलत, वीजबिलावर बोलत, समोरच्या मिश्रा आंटींच्या सुनेवर तर तासन्‌तास बोलत. पुण्याचा विषय कुणी काढत नसे.

त्याच मंजिरीने मार्चमध्ये कुत्रा आणला.

सांवेरकडच्या एका बंद गोदामात तो साखळीला बांधलेला सापडला होता. मालक सोयाबीन विकून, कुलूप लावून निघून गेला. कुत्रा आत आहे हे त्याच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं असेल आणि काही वाटलं नसेल. असल्या माणसाला त्याच साखळीने बांधून ठेवावं. कुत्र्याच्या गळ्याभोवतीचे केस झडले होते, डावा कान अर्धाच होता आणि बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या.

“अंकल जी, शेल्टर फुल है,” प्राण्यांना सोडवून आणणारी पलक म्हणाली. “घर मिलने तक रख लीजिए बस.”

“म्हणजे किती दिवस?” नानांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

“स्थळ मिळेपर्यंत, नाना,” मंजिरी म्हणाली. तिने हा शब्द मुद्दाम वापरला होता. नाना तिथेच विरघळले.

नाव नानांनी ठेवलं, सुभेदार. होळकरांच्या गावात याहून मोठं नाव नाही, आणि ते इतक्या भित्र्या जिवाला याआधी कुणी ठेवलं नसेल. केरसुणी, छत्री, कचरागाडीचा भोंगा, नानांची शिंक, सुभेदार सगळ्याला भीत असे. कुणी बघत असलं तर खात नसे. कधी भुंकत नसे. अंगणात मोकळा सोडला की पेरूच्या झाडाभोवती सहा फुटांत गोल फिरे. साखळी नव्हती, तरी सहा फूट झाले की थांबे आणि वळे. मंजिरी ते बघत दारात उभी राही. नानांना बघायला वेळ नव्हता, कारण ते परिचयपत्र लिहीत होते.

“वय अंदाजे चार. वर्ण गव्हाळ. स्वभाव शांत, घरगुती, मितभाषी. आहार बेताचा. गोत्र ठाऊक नाही, आग्रहही नाही. अपेक्षा: निर्व्यसनी कुटुंब.”

“नाना, हे काय करून राहिलात तुम्ही?” मंजिरीने कागद वाचून विचारलं. “तो शांत नाहीये, घाबरलाय. मतलब, त्याचा आवाजच बंद झालाय.”

“अगं, मितभाषी म्हणजे तेच की! घरी गेला की रुळेल. सगळे रुळतात.”

पंधरा दिवसांत बघण्याचा कार्यक्रम ठरला. बायपासजवळच्या एका नव्या इमारतीतून पियुष आणि आर्या हे जोडपं आलं. नानांनी सवयीने कोपऱ्यावरून पोहे-जिलबी मागवली, पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावण मसाला. सुभेदाराला आंघोळ घालून, तुटका कान भिंतीकडे येईल असा बसवला. भीतीने तो इतका गोठला होता की बघणाऱ्यांना तो भलताच सुसंस्कृत वाटला.

“नाना, ट्रेनिंग झालंय ना याचं?” पियुषने विचारलं.

“बिल्कुल,” नाना म्हणाले. “आवाज चढवायची वेळच येत नाही.”

त्याच दुपारी सुभेदार सासरी गेला. नानांनी उरलेली जिलबी संपवली आणि मंडळातल्या चार जणांना फोन करून हे लग्नही जमवल्याचं सांगितलं.

पाचव्या दिवशी पियुष त्याला परत घेऊन आला. “नाना, सॉरी, पण आमच्याच्याने नाही होणार भिया. कामवालीने झाडू उचलला की सोफ्यावर सू. चार दिवस बाथरूममध्ये बसलाय, काही खात नाहीये. मी ऑफिसला जाताना बेल्ट घातला तर दारालाच चावला. तुम्ही तर शांत म्हणून लिहिलं होतं.”

तो चिडलेला नव्हता, आणि नानांना त्याचंच जास्त लागलं. गाडीतून उतरल्याबरोबर सुभेदार कुणाकडे न बघता पेरूपाशी गेला आणि फिरायला लागला. आता सहा फुटांचे चार झाले होते.

पलक आली, तिने त्याला लांबूनच पाहिलं. “अंकल जी, एक बार और लौटा ना, तो फिर किसी के पास नहीं जाएगा,” ती म्हणाली. “मैंने देखे हैं ऐसे.”

ती गेल्यावर मंजिरी अंगणातल्या पायरीवर बसली. नाना खुर्चीत होते. ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना, तो काय काय करतो ते?”

“माहीत होतं. पण ते लिहिलं असतं तर कोण आलं असतं त्याला बघायला?”

“कुणी नसतं आलं. इथे राहिला असता. परत तर नसता आला असा.” “माझ्या वेळी चौकशीत कळलं होतं ना, तो हात उचलतो म्हणून? आई होती तेव्हा तुम्ही तिच्याशी बोलताना मी ऐकलं होतं.”

चुलीत घाला ती विशेषणं, असं नानांना पहिल्यांदाच वाटलं. एकही कामाचं नव्हतं.

“कळलं होतं,” ते म्हणाले. “वाटलं, लग्नानंतर निवळेल.”

मंजिरी उठून आत गेली. दोन दिवस ती भाजीवरही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी नानांनी नवा कागद घेतला. “केरसुणीला भितो. पट्ट्याला भितो, चावूही शकतो. घाबरला की जागीच लघवी करतो. एक कान अर्धा. काहीही शिकवलेलं नाही. एका घरातून परत आलेला आहे, त्यात दोष माझा.” अडतीस वर्षांत एवढं नागवं परिचयपत्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

दीड महिना एकही फोन आला नाही. मंडळातले लक्ष्मणराव तर म्हणाले, “नाना, असं लिहिलं असतंत तर आमची लग्नं झाली नसती.”

मग यामिनी आली. जालन्याहून बदली होऊन आलेली, कॉलेजात भूगोल शिकवणारी, एकटी राहणारी. नानांनी पोहे मागवले नाहीत. तिने कागद दोनदा वाचला.

“सगळं वाईटच लिहिलंय,” ती म्हणाली. “चांगलं काहीच नाही का?”

हजारो माणसांच्या तारिफा लिहिलेल्या नानांना एक शब्द आठवेना. शेवटी म्हणाले, “मंजिरी स्वयंपाकघरात असली की तो दाराशी येऊन बसतो. आत येत नाही, पण बसतो.”

“मग मला चालेल.”

“मला नाही चालणार,” नाना म्हणाले. “आत्ता नाही. आधी पंधरा दिवस रोज या. त्याला पसंत पडलात तर बघू.”

बघायला आलेल्यांना कधी विचार करायला वेळ न देणारे नाना हे बोलले. मंजिरी आतून ऐकत होती.

यामिनी रोज संध्याकाळी येई आणि सुभेदाराकडे पाठ करून, पेपर तपासत अंगणात बसे. सात दिवस काही झालं नाही. आठव्या दिवशी तो तिच्यापासून पाच फुटांपर्यंत आला. अकराव्या दिवशी त्याने तिच्या पिशवीतल्या डब्याचा वास घेतला. पंधराव्या दिवशी काहीच न करता तिच्या गुडघ्याला टेकून बसला, आणि तिने एक सबंध उत्तरपत्रिका न हलता तपासली. नानांनी आणखी आठ दिवस वाढवून घेतले. कुणी हरकत घेतली नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा गेटपाशी उभी राहिली. सुभेदार यामिनीमागून चालत आला आणि उंबऱ्यावर थबकला. नाना कसेबसे खाली वाकले. निरोपाच्या वेळी प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते एकच वाक्य म्हणत आले होते, आता तेच तुझं घर. मंजिरीलाही तेच म्हणाले होते. त्यांनी सुभेदाराच्या डोक्यावर हात ठेवला. तो दचकला, पण सरकला नाही.

“जा बाबा,” नाना म्हणाले. “आणि नाही जमलं, तर परत ये. कुणी काही विचारणार नाही.”

रिक्षा वळली. नाना मागे फिरले तर मंजिरी उभी होती.

“हे तुला सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले.

“हो, पाहिजे होतं. तीन वेळा मी पुणे स्टेशनवरून परत गेले, नाना. तिकीट हातात होतं. वाटलं, तुम्ही दार उघडणार नाही.”

नानांनी गेट घट्ट धरलं आणि ते भर रस्त्यात, मोठ्याने, लहान पोरासारखे रडायला लागले. मंजिरीने त्यांचा दंड धरला. समोरच्या मिश्रा आंटी हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

“अरे नानाजी,” त्या म्हणाल्या, “कुत्ता ही तो गया है, इतना क्या रोना!”