सदुसष्ट सालचा अली

"कुठला अली?" बाबांनी विचारलं.

शनिवारची दुपार होती. सोनागिरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी नुकतंच म्हटलं होतं की मुहम्मद अली आणि जो लुई समोरासमोर आले असते, तर अली सहज जिंकला असता. त्यावर बाबांचा हा पहिला प्रश्न ठरलेला. वर्ष सांगितल्याशिवाय झुंज लावायची नाही, असा त्यांचा नियम होता. माणूस एक असला तरी बॉक्सर एक नसतो, म्हणत.

"सदुसष्टचा. सैन्यात जायला नकार दिला म्हणून बंदी आली, त्याच्या आधीचा."

"बरं. मग माझा लुई एकेचाळीसचा."

"एकेचाळीस? त्याच वर्षी बिली कॉननं त्याला बारा फेऱ्या नाचवलं. कॉन वजनानं केवढासा. मग अली काय करेल?"

"आणि तेराव्या फेरीत काय झालं, ते का गिळतेस?"

"तेराव्या फेरीत कॉनला हौस आली, लुईला आडवा करायची. म्हणून तो स्वतःच आडवा झाला. अली असला वेडेपणा करणार नाही."

"करेल. लोक ओरडले की करेल. तोंडाळ आहे तो."

दोन्ही मुष्टियोद्धे कधीच वारलेले. लुई तर माझ्या जन्माआधी. तरी बाबा त्यांच्याबद्दल असं बोलत, जणू ते खालच्या गल्लीत हातांना पट्ट्या बांधत उभे आहेत. त्या दिवशी निकाल लागला नाही. तसा तो कधीच लागत नसे. बाबांनी टोपलीतल्या शेंगा संपवल्या, चार दाणे तोंडात टाकले आणि ऊन उतरल्यावर खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना, एक बूट घालून झाल्यावर, ते खुर्चीतच गेले. सोललेले मटार बरेच दिवस फ्रीजमध्ये तसेच होते.

बाबा कारखान्यात वाइंडर होते. विजेच्या मोटारींना तारेची वेटोळी घालायचे. तरुणपणी कारखान्याच्या क्लबातर्फे बॉक्सिंगही खेळले. पण हे सगळं मला आईकडून कळलेलं. आई गेली तेव्हा घरातलं बोलणंच गेलं. बाबांजवळ "हो", "नको" आणि "राहू दे" एवढेच शब्द उरले. मी टी. टी. नगरच्या वाचनालयातल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी यायचे, आम्ही जेवायचो, टीव्हीवर बातम्या लागायच्या. असं वर्षभर चाललं. मग एकदा ताटावर बसल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून, मी म्हटलं की अलीला आयुष्यात कुणी हरवलंच नसेल. बाबांनी घास खाली ठेवला. भात गार होईपर्यंत ते बोलत होते. अलीला हरवणारे फ्रेझर, नॉर्टन, कुणाचा डावा हात कसा यायचा, सगळं. मी नुसती बघत राहिले.

त्यानंतर मी बसमध्ये बॉक्सिंगवरचं मिळेल ते वाचू लागले. नेहमी त्यांच्याविरुद्धची बाजू घ्यायचे. जुन्या झुंजींचे व्हिडिओ त्यांना लावून द्यायचे आणि कणीक मळायला आत जायचे.

तेराव्यानंतरच्या रविवारी केशवकाकांनी मला बागेत बोलावलं. काका मूळचे नागपूरचे, कारखान्यात बाबांच्या शेजारच्या टेबलावर काम केलेले. निवृत्त मंडळी रोज सकाळी तिथल्या बाकावर जमतात. मला बाबांच्या जागेवर बसवलं. कुणीतरी हातात पोहे-जलेबीचा कागद दिला.

"लय छळलं गं तुझ्या बापानं," काका म्हणाले. "रोज अली, अली, अली."

"लुई म्हणायचंय का तुम्हाला?"

"लुई माझा. सुधाकर लेकाचा एक दिवस लुईच्या बाजूनं बोलला नाही. बिली कॉन तर रोज तोंडावर फेकायचा. एवढासा माणूस बारा फेऱ्या नाचवतो, मग अली काय करेल, म्हणे."

मी कागदातल्या पोह्यांकडे बघत राहिले.

"मी म्हणायचो, तुला रे कुणी सांगितलं? तर म्हणायचा, आमची मंजू वाचून बोलते, तुमच्यासारखं ऐकीव नाही. अन् वर हेही की घरी मात्र तिच्यापुढे हे कबूल करणार नाही. कबूल केलं तर ती भांडेल कोणाशी?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले असेन.

"तर आम्ही ठरवलंय," काका म्हणाले, "की आता त्याची जागा तू घ्यायची. दर रविवारी यायचं अन् माझ्याशी भांडायचं. तो सांगायचा ना, माझं वेड पोरीत उतरलंय म्हणून. फार सुख होतं त्याला त्याचं."

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले होते, आणि त्याच समजुतीत बाबा गेले होते. केशवकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली, पण प्यायले नाही.

"काका, मला बॉक्सिंग कधीच आवडलं नाही," मी म्हणाले. "एकही झुंज मी शेवटपर्यंत पाहिलेली नाही. रक्त बघवत नाही मला."

काकांनी हळूच विचारलं, "मग एवढं भांडत का होतीस गं?"

"बाबा बोलायचे. मला त्यांचा आवाज हवा होता."