गणपतीखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या अंगावरची फुलं आता पुसट झाली आहेत. ऐकायला कोणी बसलं की मी माझी एक चूक सांगते, कारण ती मनात ठेवून ठेवून मला जडपणा आला आहे.

म्हापशाच्या बाजारात एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवलं. निळा रंग दिला, झाकणावर कमळं काढली. सिंधूच्या लग्नात मी तिच्याबरोबर मांद्र्याला तिच्या सासरी आले. तेव्हा माझं मोठं कौतुक होतं. आल्यागेल्याला मला दाखवत. पुढे घरात लाकडी कपाट आलं आणि मी खाटेखाली गेले. खालचा पत्रा गंजला, एक कडी सैल झाली. मला उचललं की ती खणखण वाजायची.

सिंधूचा नवरा यशवंत डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तिथे चार ड्रायव्हरांबरोबर एका खोपीत राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. चोपड्याची फेरीबोट चुकली की शनिवारचा रविवार व्हायचा. त्यांची मुलगी दीपा सातवीत होती. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही आमचे पाहुणे की घरचे?" यशवंत हसला, पण त्या रात्री जेवला नाही. मग त्याने डिचोलीत भाड्याची जागा शोधायला घेतली.

गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात जागा सापडली. शालिनीबाईंच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आत नळ. पण शालिनीबाई कडक. आधीच्या भाडेकरूने त्यांना फार छळलं होतं. त्यांनी निरोप दिला, "माजो गणपती दीड दिसांचो. तिसऱ्या दिसा सकाळी सगळे कागद घेऊन ये. दुपारी मी लेकीकडे बेळगावाक वतंय. त्याच्या आधी ज्याचे कागद पुरे, त्येका जागा."

मग घरात तयारी सुरू झाली. यशवंतने खाणीच्या ऑफिसातून नोकरीचा दाखला आणला. ज्यांच्या माडांच्या बागेत हे घर होतं त्या गुरुदास भाटकारांनी ही माणसं सरळ आहेत असं लिहून दिलं. पेडण्याला जाऊन तिघांनी फोटो काढला. अर्ज लिहिण्याचं काम दीपाकडे आलं. तेव्हा गावागावात भाषेचा वाद चालू होता, म्हणून तिने विचारलं, "बाबा, मराठीत लिहू की कोकणीत?"

"शालिनीबाय दोनूय वाचता," यशवंत म्हणाला. "तू फक्त कोंबयेचे पाय काढू नको."

दीपाने अर्ज तीनदा लिहिला. रेशनकार्डासकट सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सिंधूने माझ्या तळाशी, साड्यांखाली ठेवले. इतकी महत्त्वाची वस्तू कितीतरी वर्षांनी माझ्याकडे आली होती.

चवथीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून चौरंग काढला, तर त्याचे पाय वाळवीने खाल्लेले. शेजारचे धाकूकाका गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं घेऊन आले होते. ते म्हणाले, "अगो, पेटी आसा मगे! तिच्यार पाट घाल, वर लुगडं. गणपती काय पेटी उघडून बघता?"

सगळे हसले. मला खाटेखालून बाहेर ओढलं. सिंधूने मला चिंचेने घासलं. गणपती माझ्यावर बसणार! मित्रांनो, माझा आनंद माझ्यात मावेना.

सिंधूचे हात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठात होते. तिने आतून हाक मारली, "दीपा, पेटयेतले कागद काढ गो आधी. देव बसलो की मग पेटी हालवची नाय."

दीपाने माझं झाकण अर्धं उघडलं. तेवढ्यात धाकूकाकांनी माटोळीला बांधायला कांगलांची लालभडक रानफळं दाखवली. दीपाने झाकण टाकलं आणि धावली.

"काढले?" सिंधूने विचारलं.

"काढले गो!"

यशवंतने मला उचलून कोपऱ्यात नेलं. "हिच्यात काय आसा काय?" तो म्हणाला. मला ठाऊक होतं. माझी कडी नेहमी वाजायची. तेव्हा ती खणखणली असती तर आत काहीतरी आहे असं वाटून त्याने झाकण उघडून पाहिलं असतं. पण मला भीती वाटली. झाकण उघडलं की तळाचा गंज दिसेल आणि देवाखाली दुसरंच काही ठेवतील. मी कडी घट्ट आवळून धरली. मी गप्प राहिले.

चवथीच्या दिवशी गणपती बसला. आरत्या झाल्या, समया लागल्या. देवाचा भार मला जाणवला नाही. त्या पिशवीचा मात्र जाणवत होता.

चवथीपासून तिसऱ्या दिवशी पहाटे यशवंत तयार झाला. "कागद दी गो, फेरी चुकतली."

सिंधूने कपाट पाहिलं, फळी पाहिली. "दीपा, खंय ठेवलंस?"

दीपाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. सिंधूला सगळं कळलं. तिने पोरीला मागे सारलं आणि म्हणाली, "माझीच चूक. पेटयेतच रवले."

या घरचा गणपती पाच दिवसांचा. उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नाही, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. यशवंत रिकाम्या हाताने गेला आणि संध्याकाळी परत आला.

"शालिनीबाय काय म्हणाली?" सिंधूने हळूच विचारलं.

"म्हणाली, देवाक हालवलं नाय ता बरा केलंस. पण पायरेर दुसरो माणूस कागद घेऊन बसलो होतो, जागा त्येका दिली." मग त्याचा आवाज चढला. "म्हयनो धावलंय मी! तुका एक पिशवी सांभाळूक जमली नाय?"

रात्रीच्या आरतीत सिंधूने टाळ घेतला, पण तो वाजवायचं तिला सुचलं नाही. दीपाने हे पाहिलं. मीही पाहिलं.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. ओल्या पायांनी सगळे घरी आले. यशवंतने माझं झाकण उघडलं, साड्या बाजूला केल्या. पिशवी जशीच्या तशी होती. अर्जावरची अक्षरंही ठळक, नीटनेटकी.

"बाबा," दीपा म्हणाली, "आयची चूक नाय. आयन माका सांगलेलां. मी काढले नाय आणि काढले म्हणून सांगलंय." आणि ती रडायला लागली.

यशवंतने पिशवी खाली ठेवली. तो दीपाला ओरडला नाही. उठला, चुलीजवळ गेला, ताट घेतलं. "सिंधू, तू बस," तो म्हणाला. "आज मी वाढतंय." सिंधू बसली. त्याने वाढलं तसं तिने खाल्लं, आणि खाताना तिचे डोळे भरून आले.

डिचोलीत दुसरी जागा मिळायला पुढचा जून उजाडला. तोपर्यंत यशवंत शनिवारचा पाहुणाच राहिला. ते नऊ-दहा महिने कोणालाच परत मिळाले नाहीत.

मित्रांनो, "केलं" म्हणण्याआधी एकदा हात घालून बघा. आपल्या चुकीबद्दलची बोलणी दुसरं कोणी मुकाट्याने खात असेल, तर त्याला वाट पाहायला लावू नका. दीपाला पाच दिवस लागले. मला मात्र आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते: त्या दिवशी कडी मी धरून ठेवली होती.