अब्बांचा फॉन्ट

जळकोटला हायवेवरचं आमचं टायपिंगचं दुकान अब्बांनी पंचवीस वर्षं चालवलं. गेल्या साली त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि दुकान माझ्याकडं आलं. मी आल्या आल्या शहाणपणा केला. व्हायरसनं भरलेली त्यांची मशीन साफ पुसली आणि तिच्यावर लिनक्स टाकलं. अब्बांना विचारलं नाही. त्यांना यातलं काय कळतंय, असं वाटलं होतं.

सोमवारी कमलबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात त्यांच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, पंधरा वर्षांपूर्वी अब्बांनी ऐकून टाइप केलेल्या.

"आता ध्यानात ऱ्हाईना मिनाज. डागदर म्हनतो, अजून इसरशील. कागदावर काढून दे, नातीसाठी ठिवते."

फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यात काय, ज्या फॉन्टात टाइप केलंय तो मशीनवर टाकला की झालं. फाइलमध्ये दिसलेल्या नावाचा फॉन्ट नेटवरून उतरवला, फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवला, कमांड दिली. अक्षरं मराठी झाली, पण भलतीच. एक शब्द लागेना.

दुकानामागंच घर. अब्बांना विचारलं.

"नेटवर कुठनं मिळंल? म्या माझ्या बोटांच्या सोयीनं अक्षरांच्या जागा बदलल्या व्हत्या. त्यो माझ्या मशीनीतच व्हता."

ती मशीन मीच पुसली होती. "कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, तेवढं सांगा अब्बा. मी नवा फॉन्ट जुळवते."

"तोंडानं न्हाय सांगता येत. बोटांना ठाऊक हाय."

मी त्यांना धरून दुकानात आणलं. त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला, डोळे मिटले आणि एकेक बटण दाबत भराभरा अक्षरं सांगितली. मी लिहून घेतली. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून बटणांवर ठेवला. बराच वेळ ठेवला. बोटं हलली नाहीत.

"एवढीच," ते म्हणाले.

निम्म्या अक्षरांचा फॉन्ट मी जुळवला आणि कमलबाईंना समोर बसवून ओव्यांचे तुटके शब्द मोठ्यानं वाचू लागले. त्यांनी तेवढ्यावरून पहिली ओवी पुरी केली. दुसरीही केली. मला हायसं वाटलं, देवाशपथ.

तिसरी त्यांना पुरी करता येईना. मी पुन्हा वाचली, सावकाश.

"ही माझीच हाय का, मियाँ?" त्यांनी अब्बांना विचारलं.

अब्बांनी स्क्रीनवरचे अर्धे शब्द बघितले आणि मग माझ्याकडं बघितलं.