फिर्यादीची घंटा

कोरियन राजे-राण्यांच्या मालिका बघून मी सुधारले, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले होते. हसू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बहिणीच्या मुलीनं, सुरुचीनं मला टीव्हीवर त्या लावून दिल्या, हिंदीत डब केलेल्या. मग काय, येड लागलं. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बायकांनासुद्धा मी अडवायचे, ‘प्रजेच्या पोटावर मारू नये गं!’

एका मालिकेत राजवाड्याबाहेर मोठा ढोल टांगलेला असतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं तो बडवायचा आणि राजानं ऐकून घ्यायचं. मी पडले सोसायटीची सेक्रेटरी. लगेच वॉचमनला सांगून गणपतीतली आरतीची घंटा गेटपाशी बांधून घेतली आणि ग्रुपवर टाकलं, ‘ज्याचं कुणी ऐकत नाही त्यानं घंटा वाजवावी. मी स्वतः खाली येईन.’

‘ममताबेन, मुगट क्यां छे?’ मुकुट कुठाय म्हणून शेजारच्या शहाबेननं गेटवर टोमणा मारलाच. मारू दे. पार्किंग, गळकी टाकी, कबुतरं, प्रत्येक घंटेला मी तो गुडघा घेऊन खाली उतरले. आमच्या भागात असली सेक्रेटरी दुसरी दाखवा म्हणायचे.

आणि घरात माझ्या सासूबाई एकच गोष्ट मागत होत्या. ‘ममता, नाथाला बघून येऊ गं.’ नाथामामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वरसाव्याला असतात, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. रोज बहिणीची आठवण काढतात म्हणून फोन यायचे. अर्ध्या तासाची वाट. गाडी खाली उभी. गुडघा बरा झालेला, चालवते मीच. ‘रविवारी जाऊ, आई,’ असं मी म्हणायचे आणि रविवारी नवे भाग यायचे. वर पुन्हा दम, ‘एकट्या रिक्षानं जायचं नाही हं, पडलात-झडलात तर लोक मला नावं ठेवतील.’

त्या रविवारी मालिकेतला हद्दपार राजपुत्र आजारी आईला भेटायला घोडा दौडवत आला. पोचतो तर सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी पदरानं... म्हणजे गाऊनच्या बाहीनं डोळे पुसत मंत्र्यांना शिव्या घातल्या, ‘मेल्यांनो, आधी सोडलं असतं त्याला तर काय बिघडलं असतं!’ शेजारी बसलेल्या सासूबाई गपचूप उठल्या. मला वाटलं, बाथरूमला गेल्या असतील.

थोड्या वेळानं घंटा वाजली. मालिका थांबवून मी सेक्रेटरीचा चेहरा चढवला आणि खाली गेले.

घंटेखाली सासूबाई उभ्या. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, दुसऱ्या हातात अजून दोरी. शहाबेन आली होती, वॉचमन होता, तळमजल्यावरचा ॲलन गाडी पुसता पुसता थांबला होता.

‘आई, हे काय? घरात सांगायचं ना!’ मी दात-ओठ खात पुटपुटले.

‘घरात सांगलं गं,’ त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. ‘माजी तक्रार काय न्हाय. कुनाची गाडी वरसाव्याकडं जानार हाय का, येवढंच इचारायचं व्हतं. भाऊ आजारी हाय माजा.’

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे आमच्या गाडीकडे बघत होते. ती तिथंच उभी होती, कव्हर घातलेली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

ॲलननं फडकं बादलीत टाकलं. ‘बसा आजी, मी सोडतो.’

‘मी नेते ना! चावी आणते वरून,’ मी म्हणाले.

‘र्‍हाऊ दे गं. तुजं त्ये टीव्हीवरचं अर्धं र्‍हायलंय.’

खोटं नाही सांगत, त्यात टोमणा नव्हता. असता तर मी दोन शब्द सुनावले असते, त्यात माझा हात कोण धरणार! पण त्यांना खरंच माझ्या मालिकेची काळजी होती. ॲलननं गाडी सुरू केली तशी मी गाऊनवरच मागच्या सीटवर जाऊन बसले.

नाथामामांचं पार चिपाड झालं होतं. बहिणीला बघून ते म्हणाले, ‘आलीस? मला वाटलं, इसरलीस.’

‘इसरंन कशी रं?’ सासूबाईंनी खाटेवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी आणि ॲलन दारातच उभे.

‘कोनी आनलं तुला?’

त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. सांगा आई, सगळ्यांसमोर सांगा, माझी तीच लायकी आहे.

‘सुनेनं,’ त्या म्हणाल्या. ‘लई गुनाची हाय माजी सून.’

ॲलन बाहेर निघून गेला. नाथामामांनी दोन्ही हात कसेबसे वर उचलले आणि मला जोडले.