तळघराची वाट

नव्वद सालच्या हिवाळ्यात पद्मजा मोहालीपलीकडच्या एका गावात जुन्या हवेलीची मोजमापं घ्यायला जायची. नवऱ्याच्या, कृष्णकांतच्या, बदलीमुळे ती चंदीगडला आली होती आणि तिथं वास्तुकला शिकवत होती. पंजाबात अतिरेक्यांचा रोज कुठे ना कुठे गोळीबार होत होता, त्यामुळे कृष्णकांत जाऊ नको म्हणायचा. ती ऐकत नसे.

हवेली करनैलसिंगांच्या पणजोबांनी बांधलेली. पातळ, लहान विटांच्या दोन हात जाड भिंती, देवडीच्या छतावर रंगवलेले मोर. हल्ला झाला तर बायकामुलांना लपता यावं म्हणून खाली तळघर होतं. त्यात हवा यावी म्हणून माणूस रांगत जाईल एवढा बोळ काढलेला. तो मागच्या विहिरीत उघडायचा. करनैलसिंगांना सगळे दारजी म्हणत. त्यांनी स्वतः कंदील धरून पद्मजाला तो बोळ दाखवला होता.

एके दिवशी ती पोचली तेव्हा पोलिसांनी हवेलीला वेढा घातला होता. सकाळी दोन अतिरेकी आत घुसले होते. दारजींचा मुलगा आडवा आला, तर त्याला देवडीतच गोळ्या घातल्या. दारजींच्या मांडीत गोळी मारून त्यांना बाहेर फेकलं आणि सून हरपालला घेऊन ते तळघरात उतरले.

पोलीस अधिकारी सुरुंग लावून हवेली उडवायच्या तयारीत होता. पद्मजा खाटेवर पडलेल्या दारजींपाशी बसली. बोळाबद्दल पोलिसांना सांगू का, असं तिनं विचारलं.

"आवाज झाला तर आधी तिलाच मारतील," दारजी म्हणाले.

"आणि गप्प बसलो तर छत तिच्यावर पडेल, दारजी."

त्यांनी डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली. पद्मजानं अधिकाऱ्यासमोर मातीत काडीनं तळघर काढून दाखवलं.

चार जवान दोर धरून विहिरीत उतरले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग जमिनीखालून गोळ्यांचा दबका आवाज आला आणि पाठोपाठ हातबॉम्बचा स्फोट झाला. तळघरातला मधला खांब कोसळला, त्याच्यासोबत देवडीचं छत खाली आलं. विहिरीतून धूर निघत राहिला. धुरातून आधी एका जवानाचं प्रेत वर आलं, मग हरपाल. ती जिवंत होती. डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. तिनं नवऱ्याची चौकशी केली, तेव्हा पद्मजानं तिला दारजींच्या खाटेपाशी नेलं. अतिरेकी ढिगाऱ्याखाली मेले.

इस्पितळात पद्मजा दारजींना म्हणाली की मागची बाजू अजून उभी आहे, ती वाचवता येईल.

"लपायला बांधलेलं घर होतं ते," दारजी म्हणाले. "माझा मुलगा दारातच मेला. पाडून टाका."

मजुरांनी विटा काढायला सुरुवात केली, त्या आठवड्यात पद्मजा गावाकडे फिरकली नाही. इस्पितळात हरपालकडे मात्र ती रोज जायची. पट्टी बदलताना हरपाल तिचं मनगट घट्ट धरायची.