बारवेतलं निरांजन

"आधी दिवा सोडायचा, मंजू. दिवा तगला तर माणूस उतरवायचा. विझला तर कुणीच नाय."

आबा, म्हणजे माझे वडील, हे सांगायचे तेव्हा माझ्याकडं बघायचे नाहीत, बारवेकडं बघायचे. दौलताबादच्या किल्ल्यामागं, डोंगराच्या पायथ्याशी आमचा द्राक्षाचा मळा होता आणि मळ्याच्या कडेला ती जुनी, आटलेली, पायऱ्यांची बारव. आबांना जाऊन वीस वर्षं झाली. मळाही विकला गेला. पण संध्याकाळी देवापुढं वात लावायला काडी ओढली की तो आवाज कानाशी येतोच. गेल्या पंधरवड्यापासून आवाजाबरोबर वासही यायला लागला होता, आंबलेल्या द्राक्षांचा.

वास सुरू झाला तो सोनियानं सहलीचा बेत वाचून दाखवला त्या दिवशी.

सोनिया माझी मुलगी. गारखेड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं सहलींचं ऑफिस आहे. अजिंठा-वेरूळ सगळेच दाखवतात, तिला काहीतरी निराळं हवं होतं.

"वाइन टेस्टिंग, आई. एका दिवसाची सहल. सकाळी आठला निघायचं, किल्ला बघायचा, मग द्राक्षांचे जुने मळे, दिवेलागणीनंतर परत. दौलताबादची द्राक्षं म्हणजे केवढा इतिहास आहे!"

"म्हणजे लोकांना दारू पाजायला माझ्या माहेरी नेणार तू."

"पाजायला नाही गं, चाखवायला. घोटभर घ्यायची, तोंडात फिरवायची, थुंकून टाकायची."

"मग चूळच की ती."

"हे मी जाहिरातीत घालते," म्हणून ती हसत सुटली.

मी वाती वळत बसले होते. रोज एकवीस वाती वळल्याशिवाय मी चहा घेत नाही. सोमवारी दुपारपर्यंत मौन, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत उपास, आणि तिन्हीसांजेचा दिवा तर तापानं फणफणलेली असतानाही चुकवलेला नाही. सोनिया म्हणते, आईचं टाइमटेबल देवालाही पाठ झालं असेल.

तरी बेत आखायला मदत मीच केली. सुट्टीच्या दिवशी किल्ल्याजवळच्या अरुंद वेशीत गाड्या अडकून पडतात, म्हणून गुरुवार सुचवला. ऊन चढायच्या आत किल्ला उरकायचा. चीजच्या तुकड्यांनी कुणाचं पोट भरत नसतं, म्हणून भाकरी, पिठलं आणि ठेचा.

"ठेच्यानंतर वाइनची चव कळणारे का कुणाला?" सोनिया म्हणाली.

"मग ठेचा घरी न्यायला बांधून दे."

शेवटचा थांबा तिनं मला चकित करायला राखून ठेवला होता. "तुझ्या आबांचाच मळा, आई! तो आता अतुलसरांकडं आहे ना, त्यांनी तिथं छोटी वाइनरी काढलीय. संध्याकाळचं टेस्टिंग थेट बारवेत, तळाशी. मेणबत्त्या लावून. आणि अभय गोष्ट सांगणार."

अभय तिचा गाइड. तिथंच खुर्चीवर बसला होता. त्यानं आवाज खोल केला आणि कागद वाचला. "'चाळीस वर्षांपूर्वी या बारवेत एक दारुडी मजूरबाई उतरली, ती जिवंत वर आलीच नाही. अजूनही तिन्हीसांजेला ती पायरीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एक घोट मागते…' मग काकू, पाहुणे बारा आणि ग्लास तेरा. तेरावा तिचा. कसंय?"

"कुणी सांगितली ही गोष्ट?"

"गावात कुणालाही विचारा."

"पारूबाई," मी म्हणाले. "तिचं नाव पारूबाई होतं."

"अरे वा, नावपण आहे!" म्हणून त्यानं ते लिहून घेतलं. माझ्या बोटांतल्या वातीचा पीळ सुटला.

ती गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलेली मी आता एकटीच उरले आहे.

मी अकरा वर्षांची होते. त्या फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला आणि काढणीला आलेले घड मांडवावर तडकले. तडकलेला माल कोण घेणार? आबांनी गाड्याच्या गाड्या कोरड्या बारवेत ओतायला लावल्या. आठवड्यानं ती रास आतल्या आत रटरटायला लागली. आम्हां पोरांना त्याची गंमत वाटायची.

त्या दुपारी मी बारवेच्या काठावर पूजा-पूजा खेळत होते. घरात न सांगता देवघरातलं पितळी निरांजन आणलं होतं. ते हातातून निसटलं आणि पायरीपायरीनं वाजत खाली गेलं. आता मार बसणार म्हणून मी भोकाड पसरलं. पारूबाई मांडवाखाली काम करत होती. तिची करुणा माझ्याच वयाची, आम्ही दोघी एका घडातले मणी मोजून वाटून खायचो. पारूबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"रडू नगं बाय. थांब, आणते मी."

ती उतरली. अगदी खाली जाऊन वाकली. मग दमलेलं माणूस टेकतं तशी शेवटच्या पायरीवर टेकली. मी हाका मारल्या. तिनं वर बघितलं नाही.

शेवटी वरूनच दोराला गळ लावून काढलं तिला. काढायला गेलेला एक गडीही अर्ध्यातून भोवळ येऊन परतला. पारूबाईच्या लुगड्याला आंबलेल्या रसाचा वास होता. कुणीतरी म्हणालं, "प्याली व्हती." संध्याकाळपर्यंत अख्खं गाव तेच म्हणत होतं. पारूबाईनं उभ्या जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता.

तिची मूठ आवळलेली होती. आबांनी एकेक बोट सोडवलं. आत निरांजन होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हळू म्हणाले, "आत नेऊन ठेव. तू इथं नव्हतीस."

आंबत्या द्राक्षांतून वायू निघतो, तो खोलगट जागी साचतो, त्यात दिवाही जगत नाही आणि माणूसही, हे आबांना नंतर कळलं. तेव्हापासून कुठल्याही आडात, विहिरीत आधी कंदील सोडल्याशिवाय त्यांनी गडी उतरवला नाही. पण गावापुढं तोंड उघडलं नाही. रास त्यांनीच ओतायला लावली होती. वर्षभरात पारूबाईचा नवरा करुणाला घेऊन गाव सोडून गेला. तोवर शाळेत तिला पोरं 'दारुडीची' म्हणूनच हाक मारायची. मी तिच्याच बाकावर बसायचे. मी गप्प.

शेवटच्या दुखण्यात आबांनी माझा हात धरला. "करुणाला सांग मंजू. तिची आई प्याली नव्हती. माझ्याच्यानं बोलणं झालं नाय."

"सांगते, आबा."

वीस वर्षं झाली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. रास आबांची, पण तिला खाली पाठवणारं रडणं माझं होतं. मी रोज तेच निरांजन लावत राहिले. देवाला सगळं कळतं, असं स्वतःला सांगत राहिले. करुणाला काहीच कळत नव्हतं, ते सोयीस्कर विसरले.

सहलीच्या आधीच्या गुरुवारी जागा बघायला सोनिया, अभय आणि मी मळ्यावर गेलो. दिवेलागण वाटेत होणार म्हणून मी निरांजन, तुपाची डबी आणि वाती पिशवीत घेतल्या. नेम चुकायला नको.

मळा ओळखू येत नव्हता. लाकडी मांडवांच्या जागी तारा, जिथं आमची खोली होती तिथं काचेची. अतुलसरांचा स्वभाव उत्साही, आधी वाळूजला कारखान्यात इंजिनीअर होते. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. "मावशी, तुमचंच आहे सगळं." राखणीला मात्र जुनाच माणूस होता, आबांच्या वेळचा कडुबा. ऐंशीचा झालेला. त्यानं मला बघितलं आणि डोळ्यांवर हात धरला.

"मंजूबाय? लई दिसांनी."

"बरा आहेस का, कडुबा?"

"मला काय धाड भरली? हितंच हाय. तुमीच येत नाय. करुणाताई बघा, दर साली येती."

मी वळले. "करुणा? इथं?"

"व्हय. वैजापूरला शाळेत बाई हाय ती. फाल्गुनात येती, वरच्या कठड्याला उभी ऱ्हाती. खाली उतरत नाय. अन् दर साली एकच इचारती. 'कडुबामामा, खरं सांगा, माझी आई पीत होती का हो?'" त्यानं बारवेकडं बघितलं. "मी काय सांगू? मी त्या दिशी बाजाराला गेल्तो. ती आपली फटफटीवर बसून निघून जाती."

बारवेच्या बाजूनं सोनियाची हाक आली. सूर्य किल्ल्याच्या टोकाला टेकला होता. काठावर टेबलं, मेणबत्त्या आणि ग्लास मांडलेले. मी न ठरवता ग्लास मोजले. तेरा.

"एकदा खाली जाऊन येऊ," अतुलसर म्हणाले. "पाहुणे कुठं उभे राहतील ते बघू. खाली इतका गारवा आहे मावशी, की मी पाच पिंपं आंबवायला तिथंच ठेवलीत. पाहुण्यांना रस रटरटताना दिसेल!"

"खाली? आंबवायला?"

"पंखा मागवलाय, येईल दोन दिवसांत. तसंही वरून उघडंच आहे की."

वास आला. या वेळी तो देवघरातला नव्हता, खरा होता, त्या खोलातून वर येणारा. अभय दोन पायऱ्या उतरलासुद्धा होता. आणि मला ऐकू आलं, अगदी शेजारून, चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. रडू नगं बाय. थांब, आणते मी.

"थांबा!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की सोनिया दचकली. तिनं माझा असा आवाज कधी ऐकलेला नाही. मीही नाही.

"कडुबा, पोहरा आण. दोर लावून."

मी निरांजनात वात घातली, तूप घातलं, लावली आणि ते पोहऱ्यात ठेवलं. कडुबानं पोहरा काठाबाहेर धरला. दोर सोडायला लागला. ज्योत पायऱ्यांना उजळत सरळ उभी खाली चालली. तळाच्या चार पायऱ्या उरल्या आणि कुणीतरी तळहातानं झाकावी तशी ती गेली.

"वारा असेल," अभय म्हणाला.

"पान तरी हालतंय का बाबा?" कडुबा म्हणाला.

दुसऱ्यांदा लावली. त्याच पायरीला गेली. तिसऱ्यांदाही तिथंच. अतुलसरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "सकाळी मीच खाली जाऊन आलो. घाईघाईत, दोन मिनिटं. डोकं धरलं होतं."

सोनिया माझ्याकडं बघत होती. "आई, तुला कसं माहीत?"

मग मी तिथंच कठड्यावर बसून सांगितलं. रास, निरांजन, माझं रडणं, आवळलेली मूठ. आबांनी घेतलेलं वचन. हळू आवाजात, पण सगळं. कडुबा ऐकता ऐकता खाली बसला आणि त्यानं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजी तिला आपुनच दारुडी केली," तो म्हणाला.

अभयनं खिशातला गोष्टीचा कागद काढला, घडी केली, परत उलगडली, मग फाडला. तेराव्या ग्लासकडं बोट करून अवघडत विचारलं, "काकू, हा?"

"उचल रे. तिनं कधी मागितला नव्हता."

सहलीतून बारव निघाली. पंखा आला की हवा खेळवून पिंपं वर काढायची ठरली, पाहुणे वर मळ्यातच बसतील. परतीच्या वाटेवर सोनिया गाडी चालवत होती. पडेगावच्या पुढं म्हणाली, "तेच निरांजन? रोज आपण लावतो ते?"

"तेच."

"आणि तू रोज बघायचीस त्याच्याकडं?"

"बघायचे कुठं? लावायचे आणि डोळे मिटायचे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी एकवीस वाती वळल्या. चहा घेतला नाही. निरांजन चिंचेनं घासलं, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं. देवघरात त्याच्या जागी तुपाचं गोल काळपट वळं उरलं होतं. कडुबानं दिलेला शाळेचा पत्ता पदराच्या गाठीत होता.

सोनिया दारात आली. "मी गाडी काढते."

"नको. एसटीनं जाईन. वाटेत शब्द लावायचे आहेत मला."

"ती काय म्हणेल, आई?"

"म्हणेल ते ऐकायला तर चाललेय."

"आणि संध्याकाळचा दिवा?"

"हे तिच्या आईच्या हातातलं आहे. ते परत द्यायचं का, ठेवायचं का, ती ठरवेल. नसलं तर आज दिवा नाही."

वैजापूरची गाडी साडेसातची. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं. वास होताच. तोही माझ्याबरोबर जिना उतरू लागला.