मला खिळ्याला कोणी लावलं

मी सात नंबरचा बिल्ला बोलतोय. पितळेचा आहे, बिस्किटाएवढा. वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला सात, एवढंच माझं रूप. पण या उस्तिका बेटावर माझ्यापायी एका भल्या माणसाचं नाव खराब झालं. खरं काय ते तिघांनाच माहीत आहे. त्यातला एक मी.

पूर्वी मी मासेमारीच्या एका जुन्या होडीचा पत्रा होतो. होडी मोडीत निघाली तेव्हा इग्नात्सियोने तो पत्रा घरी आणला आणि अंगणात बसून त्याचे दहा तुकडे कापले. कडा कानशीने इतक्या घासल्या की सून म्हणाली, "बाबा, दागिने करताय की काय?"

"पाण्यात बोटं मऊ पडतात गं. एकाचंही बोट कापायला नको," तो म्हणाला. मग त्याने आकडे ठोकले. सात स्वतःसाठी ठेवला.

सुनेचं नाव नुन्त्सिया. तिचा नवरा गास्पारे बोट चालवतो. बोटीचा परवाना मात्र नुन्त्सियाच्या नावावर. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायला आलेल्या लोकांना ते मोनाका खडकापाशी नेतात. मोनाकाचं डोकं तेवढं पाण्यावर असतं. खाली मात्र तो थेट काळोखात उतरतो. त्याच्या अंगावर जांभळी झुडपं डुलतात, आणि कपारीत मोठमोठे मासे तोंड बाहेर काढून बसलेले असतात, उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. मी ते सगळं पाहिलंय, इग्नात्सियोच्या जाकिटाला लटकून.

बोटीवर एक फळी होती आणि फळीवर दहा खिळे. पाण्यात जाताना आपला बिल्ला जाकिटाला अडकवायचा, वर आल्यावर पुन्हा खिळ्याला लावायचा. सगळे खिळे भरले की बोट सुटणार. नियम इग्नात्सियोचाच.

"ज्याचा त्याने लावायचा," तो प्रत्येक नव्या माणसाला दरडावून सांगायचा. "बायकोने नाही, मुलाने नाही. पाद्रीबाबा आले तरी त्यांनीसुद्धा नाही!"

बारा वर्षं मी माझ्या खिळ्याला त्याच्याच हाताने लागलो. फक्त एक दिवस नाही.

ऑक्टोबर महिना होता. नुन्त्सियाची चार वर्षांची आगाता तापाने फणफणली होती. तिला आजीकडे ठेवून नुन्त्सिया बोटीवर आली खरी, पण तिचं चित्त घरीच होतं. दर पाच मिनिटांनी फोन काढून बघायची. आईचा जीव, दुसरं काय!

इग्नात्सियो वर आला, पण बोटीवर चढला नाही. मोनाकाच्या मागच्या अंगाला रिच्ची चिकटलेल्या असतात. काळ्या काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव, आत खायचा केशरी गर. टाकी लावून त्या काढायला मनाई आहे. म्हणून त्याने टाकी, जाकीट सगळं नुन्त्सियाच्या हातात दिलं. कमरेला फक्त जाळीची पिशवी ठेवली.

"दहा मिनिटांत आलो हं. तुला आवडतात ना!" तो म्हणाला.

"बरं बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून तिची आई रडत होती, पोरगी डोळे उघडत नव्हती.

फोन कानाला धरूनच नुन्त्सियाने जाकीट आवरलं. हाताला मी लागलो. तिने मला काढलं आणि खिळ्याला लावलं. नेहमीच्या आवराआवरीसारखं, न बघता.

"झाले सगळे?" गास्पारेने विचारलं.

तिने फळीकडे पाहिलं. दहाच्या दहा खिळे भरलेले होते. "झाले. चल, लवकर चल!"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी फक्त हलत राहिलो, इंजिनाच्या धक्क्यांनी.

बाबा नाहीत हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण परत येताना तो नेहमी खालच्या खोलीत दोरांवर झोपायचा. धक्क्याला लागताच नुन्त्सिया घराकडे धावली. पाहुणे उतरले. गास्पारे खाली गेला. "बाबा, उठा, आलं गाव." घोंगडी उचलली तर खाली नुसते दोर.

तोवर वारा फिरला होता. गास्पारे परत पोचला तेव्हा लाटांनी म्हाताऱ्याला खडकावर आपटून आपटून अर्धमेलं केलं होतं. एका भेगेत हात खुपसून तो तग धरून होता. तो उजवा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

आगाता दोन दिवसांत खेळायला लागली.

इस्पितळात तटरक्षक दलाचे साहेब चौकशीला आले. नुन्त्सिया खाटेपाशी उभी होती. मी पुरावा म्हणून साहेबांच्या हातात होतो.

"हा खिळ्याला कोणी लावला?"

नुन्त्सियाचे ओठ हलले. त्याआधीच म्हातारा बोलला, "मीच. लावला आणि कोणाला न सांगता पुन्हा पाण्यात गेलो. अक्कल गहाण पडली होती."

त्यामुळे बोटीचा परवाना रद्द व्हायचा वाचला. नुन्त्सियाने त्याचं पांघरूण नीट केलं. म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. बोटीवर आता नावं पुकारतात, फळी काढून टाकली. साहेबांनी मला परत दिलं आणि मी नुन्त्सियाच्या एप्रनच्या खिशात आलो. ती मला ना फेकते, ना कुठे ठेवून देते. भांडी घासता घासता ओल्या हाताने चाचपते.

इग्नात्सियो बंदरावरच्या बाकावर बसतो. त्याच्या जोडीचे चौघं असतात. त्यातला कोसिमो रोज तेच म्हणतो, "काय रे, तू बसलायस ना इथे? का नुसता बिल्लाच बसवून गेलास?" सगळे हसतात. तोही हसतो. ज्याने नियम केला त्यानेच मोडला, हे आता गावातलं शेंबडं पोरही बोलतं.

यंदा त्याला धाप लागते. डॉक्टरांनी गास्पारेला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.

काल दुपारी नुन्त्सिया त्याला जेवायला बोलवायला गेली. कोसिमोचं ते वाक्य चालूच होतं. तिने खिशात मला घट्ट धरलं, इतकं की तिच्या तळव्याचे ठोके मला जाणवले. "ऐका," ती म्हणाली. पाचही म्हातारे तिच्याकडे बघायला लागले. इग्नात्सियोने हळूच मान हलवली, नको म्हणून.

"पास्ता थंड होतोय, बाबा," ती म्हणाली.

नुन्त्सिया, तू मला दोन वर्षं सांभाळलंस, म्हणून एक मागतो. त्याने नको म्हटलं तरी ऐकू नकोस. चारच शब्द आहेत: बिल्ला मी लावला होता. उद्या दुपारी ते चौघं बाकावर असतील. बाबाही असतील. परवाचं मला माहीत नाही.